हात चोळत बसण्याआधी

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. एरवी मी इथे पावसावर, जुन्या पुस्तकांवर, नाहीतर खामगावच्या आठवणींवर लिहितो आणि तुम्ही 'छान झालंय' म्हणून पुढे जाता. आजचं वाचून काही जण नक्की रागावतील, आणि त्यातले निम्मे माझे नातेवाईकच असतील. मामा, मोठे दादा, काकू, तुम्ही हे वाचता हे मला माहीत आहे. रागवायचं तर पूर्ण वाचून रागवा.

गोष्ट गेल्या वर्षीच्या नागपंचमीची. ताईच्या गावी, नांदुरा तालुक्यात, निंबाला झोका बांधला होता. माझा भाचा नऊ वर्षांचा. झोका उंच गेला, हात सुटला आणि तो उजव्या हातावर पडला. कोपर बघता बघता टम्म सुजलं. संध्याकाळची वेळ, पाऊस, मोठा दवाखाना वीस-बावीस किलोमीटरवर. गावात नस बसवणारे एक गृहस्थ आहेत, पंचक्रोशीत त्यांचं नाव आहे. दारात जमलेल्या सगळ्यांचं एकमत झालं. "डाक्टरकडे कायले नेता? पलस्तर घालीन न् हात आखडवून टाकीन. मोडलं-गिडलं काही नाही, नस चढली हाये. चोयून घ्या."

ताईला धीर नव्हता. तिने मला पुण्याला फोन केला. मी विचारलं, "बोटं हलतात का त्याची?" ती म्हणाली, "हलतात." मी म्हणालो, "मग मोडलं नसेल. दोन दिवस चोळून बघा, नाहीतर नेऊ दवाखान्यात."

हे वाक्य माझं आहे. शिकलेल्या, शहरात राहणाऱ्या, घरात रोज दोन वर्तमानपत्रं घेणाऱ्या माणसाचं. ते इथे आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढे मी कोणाकोणाला बोल लावेन तेव्हा पहिला कोण होता ते विसरायला नको.

दोन दिवसांचे नऊ दिवस झाले. रोज सकाळी कोमट तेल, चोळणं, आणि शेवटी हात धरून सरळ ओढणं. पोर किंचाळायचं. दोघं जण त्याला धरून बसायचे आणि म्हणायचे, रडू द्या, नस मोकळी होऊन राहिली. सूज उतरली तेव्हा सगळ्यांना आनंद झाला. पण हात वाकेना. वाकेना म्हणून आणखी चोळला. सहाव्या आठवड्यात ताई त्याला घेऊन अकोल्याला गेली. डॉक्टरांनी फोटो काढला. (आपल्याकडे एक्स-रेला फोटोच म्हणतात, आणि या प्रकरणात तोच शब्द बरोबर वाटतो. आपण काय केलं त्याचा फोटो.) हाडाला बारीक तडा गेला होता, तो एव्हाना जुळत आला होता. खरी गडबड पुढे होती. कोपराच्या समोरच्या स्नायूत, जिथे फक्त मांस असायला हवं, तिथे ढगासारखी पांढरी सावली होती. मांसात हाड तयार होत होतं.

याला मायोसायटिस ऑसिफिकन्स म्हणतात. कोपराला मार लागला की स्नायूत रक्त साकळतं. त्याला शांत राहू दिलं तर ते बहुधा जिरतं. पण रोज चोळलं, रोज जोराने ओढलं तर शरीर गोंधळतं आणि तिथे नवीन हाड घालायला लागतं. लहान मुलाच्या कोपराला मार लागल्यावर चोळायचं नाही, जबरदस्तीने ताणायचं नाही, हा हाडांच्या डॉक्टरांच्या अभ्यासातला जुना आणि सरळ धडा आहे. डॉक्टरांनी ताईला तो सांगितला, आवाज न चढवता. ती म्हणते, ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

आज त्याचा हात काटकोनाच्या जेमतेम पुढे वाकतो. ते नवीन हाड पक्कं होईपर्यंत थांबायचं आणि मग शस्त्रक्रियेचं बघायचं, असं ठरलंय. दिवाळीत आम्ही सगळे गावी होतो. पंगतीत तो डाव्या हाताने जेवत होता. लांबच्या नात्यातल्या एक आजी ओरडल्या, "काय रे, उजवा हात नाही का तुले?" तो काही बोलला नाही. उजवा हात उचलून दाखवला फक्त. तोंडापर्यंत येत नाही तो.

आता तुम्हाला वाटेल, हा मालिशच्या विरोधात लिहिणार. अडाणीपणा, अंधश्रद्धा, वगैरे. नाही. माझं भांडण दोन्ही बाजूंशी आहे, आणि त्यासाठी मला आमच्या मोठीआईबद्दल सांगायला हवं.

मोठीआई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. गावातल्या बाळंतिणी आणि बाळं तिच्या हाताखालून गेलेली. कापूस वेचून कंबर धरलेल्या बाया, गाठोडं उचलताना उसण भरलेले गडी, मान लचकलेले मास्तर, सगळे संध्याकाळी तिच्या ओट्यावर. तिळाच्या तेलात ओवा आणि लसूण घालून ती ते कडकडीत करायची, मग कोमट होऊ द्यायची. पैसे घ्यायची नाही. कोणी पायलीभर ज्वारी आणून द्यायचं, कोणी नुसतंच पाया पडून जायचं. तिच्या हाताला काय समजायचं हे शब्दांत सांगता येत नाही. पण ती काय करायची नाही, ते मात्र सांगता येतं, आणि माझ्या मते तिची खरी विद्या तीच होती.

ती आधी बघायची. मग विचारायची, कधी झालं, कसं झालं, रात्री ठणकतं का, ताप आहे का. मग तळहात नाही, हाताची पालथी बाजू लावून बघायची, गरम लागतं का. आणि कित्येकदा हात मागे घ्यायची. "सुजलं त्याले हात नाही लावायचा. गरम लागलं त्याले हात नाही लावायचा. हाड वाकडं दिसलं तं पाह्यायचंबी नाही, गाडी जुंपायची." हे तिचे नियम. मी लहान असताना एकदा गावातली एक बाळंतीण आली, पंधरा-वीस दिवसांची. एकच पाय सुजलेला, पोटरी दुखत होती. तिच्या सासूला वाटलं, वात आहे, चोळला की उतरेल. मोठीआईने पोटरीला बोट लावलं आणि म्हणाली, "एकच पाय कसा सुजला? ह्याले मी हात लावत नाही. खामगावले न्या." सासू रुसली. पण नेलं. आज मला माहीत आहे की बाळंतपणानंतर पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते, आणि अशी पोटरी चोळली तर ती गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. माणूस जागच्या जागी जाऊ शकतो. मोठीआईला शिरेचं नाव माहीत नव्हतं. 'एकच पाय कसा' हा प्रश्न तिला माहीत होता.

तर माझा पहिला मुद्दा हा. चोळता कोणालाही येतं. नाही म्हणता येणं ही विद्या आहे. आणि आपल्या गावांमधून चोळणारे हात शिल्लक राहिले, नाही म्हणणारे गेले.

असं का झालं? एक कारण म्हणजे आपण सगळे. चोळणाऱ्याचं नाव कशावर होतं ते बघा. लचक, मुरगळा, उसण, यातली बहुतेक दुखणी दोन ते सहा आठवड्यांत आपली आपणच बरी होतात. त्या काळात जो हात लावतो त्याला यश मिळतं. पायाळू माणसाने, म्हणजे पायाकडून जन्मलेल्याने, कमरेला लाथ लावली की उसण जाते, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या कमरेला अशी लाथ लागलेली आहे आणि माझी उसण गेलेलीही आहे, चौथ्या दिवशी. लाथ नसती लागली तरी बहुधा चौथ्या-पाचव्या दिवशीच गेली असती. लहान मुलांची हाडं तर इतकी हुशार असतात की थोडी वाकडी जुळली तरी वाढता वाढता बरीचशी सरळ होतात. त्यामुळे शंभरातली कितीतरी माणसं बरी होऊन गावात नाव सांगत फिरतात. ज्याचं बिघडतं तो अकोल्याला नाहीतर नागपूरला जातो, आणि गावात येऊन सांगतो की डॉक्टरने हात बिघडवला. आमच्याकडेही एक जण तेच म्हणाला. "आधी बरा होत आला होता, डाक्टरकडे नेला न् बिघडला." मामा, ते तुम्ही होतात. मी तेव्हा गप्प बसलो, आता बसत नाही.

चोळणं एक वेळ परवडलं, बांधणं त्याहून वाईट. मोडलेल्या हाताला बांबूच्या कामट्या लावून करकचून आवळतात. आत सूज वाढते, जागा नसते, रक्त पोचत नाही. काही तासांत स्नायू मरायला लागतात. मग हाताचा पंजा पक्ष्याच्या नखीसारखा वळतो आणि तसाच राहतो. जर्मन शल्यविशारद फोल्कमान याने १८८१ मध्ये या आखडण्याचं वर्णन केलं, त्याचं नाव त्या दुखण्याला आहे. आवळून घातलेल्या प्लास्टरनेही हे होतं, हे खरं आहे. म्हणून तर प्लास्टर घातल्यावर बोटं निळी पडली, बधिर झाली, दुखणं सोसवेना झालं तर रात्र असली तरी परत या, असं सांगून पाठवतात. कामट्या बांधणारा असं सांगतो का, तेवढं विचारा.

आणि आपल्या पूर्वजांचं शास्त्र म्हणून जे लोक या सगळ्याचं समर्थन करतात, त्यांनी ते शास्त्र तरी वाचावं. चरकसंहितेत तेल लावण्याची थोरवी सांगताना गाडीच्या आसाला वंगण घातलं की तो टिकतो असा दृष्टांत आहे, फार सुंदर आहे. पण कोणत्या अवस्थेत अभ्यंग करू नये, अजीर्ण असताना नको, अमुक स्थितीत नको, हेही आयुर्वेदाच्या ग्रंथांत लिहिलेलं आहे. आपण आस घेतला आणि 'नको' सोडून दिलं.

हे झालं एका बाजूचं. आता दुसरी बाजू, म्हणजे माझ्यासारखे शिकलेले आणि आमचे डॉक्टर.

आमची एक काकू पंचावन्न वर्षांची आहे. आयुष्यभर निंदण, वेचणी, सोयाबीनची सोंगणी. तिची कंबर गेली दहा वर्षं दुखते. या दहा वर्षांत ती जिथे जिथे गेली तिथे तिला काय मिळालं? गोळी, इंजेक्शन, कमरेचा पट्टा, आणि तालुक्याच्या ठिकाणी वजनं लावून ताणायचं मशीन. एका ठिकाणी तर कंबर न बघताच पट्टा लिहून दिला. मी बरोबर होतो म्हणून सांगतो, टेबलाच्या पलीकडून हात आलाच नाही. काकू बाहेर येऊन म्हणाली, "इतके पैशे घेतले, पण हात नाही लावला."

हे वाक्य कोणी भाबडं म्हणून उडवून लावू नये. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीवर मार्गदर्शक सूचना काढल्या, ज्या कंबरदुखीमागे दुसरा ठोस आजार सापडत नाही तिच्यासाठी. २०२० मध्ये जगात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, असा त्यांचाच अंदाज आहे. या सूचनांमध्ये काय करावं याच्या यादीत माहिती देणं, व्यायाम आणि मालिश आहे. काय सरसकट करू नये याच्या यादीत कमरेचा पट्टा आहे, वजनं लावून ताणणं आहे, अल्ट्रासाउंडचं मशीन आहे. म्हणजे आमच्या काकूला जे दहा वर्षं दिलं ते दुसऱ्या यादीतलं, आणि ज्याला अडाणीपणा म्हटलं ते पहिल्या यादीतलं! अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संस्थेनेही २०१७ मध्ये ताज्या कंबरदुखीसाठी गोळीच्या आधी शेक आणि मालिश यांची नावं घेतली होती.

मालिशवाल्या मंडळींनी लगेच गुलाल उधळू नये. पुरावा फार भक्कम नाही हे या सूचना करणाऱ्यांनीच मान्य केलेलं आहे. मालिशने आराम पडतो तो बहुतेक काही दिवसांचा. हाड जागेवर येत नाही, सरकलेली गादी आत जात नाही, 'नस चढणं' नावाचा प्रकार शरीरात शोधून सापडत नाही. होतं ते इतकंच, की ताठलेला स्नायू सैल पडतो, आणि कातडीवरच्या स्पर्शाचे संदेश दुखण्याच्या संदेशांना वाटेत अडवतात. १९६५ मध्ये मेल्झॅक आणि वॉल या दोघांनी हे फाटकाच्या कल्पनेने समजावून सांगितलं होतं. टेबलाचा कोपरा लागला की आपण नकळत ती जागा चोळतो, त्यामागचं गणित हेच. पण कापूस वेचणाऱ्या बाईला चार दिवसांचा आराम म्हणजे चार दिवस सरळ उभं राहता येणं. त्या चार दिवसांत तिला दोन व्यायाम शिकवले तर पुढचे चाळीस दिवस बरे जातात. दुखणं थांबवणारी गोळी रोज खाऊन मूत्रपिंड आणि जठर घालवण्यापेक्षा हे वाईट आहे का? आणि ती गोळी तरी गोळी म्हणून येते. सांधेदुखीवर बिननावाच्या पुड्या मिळतात, त्यांतल्या काहींत चक्क स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. चार दिवसांत माणूस पळायला लागतो आणि दोन वर्षांत तोंड सुजून, साखर वाढून बसतो.

मग डॉक्टर हात का लावत नाहीत? वेळ नाही हे खरं. शंभर पेशंट बाहेर बसलेले असतात. पण मला एक वेगळीच शंका आहे. अंग चेपणं, तेल लावणं हे आपल्या समाजात हलकं काम आहे. ते न्हावी समाजाने करायचं, नाहीतर म्हाताऱ्या बायांनी. बलुत्यात धान्य द्यायचं आणि नाव घ्यायचं नाही. ज्या कामाला मान नाही ते काम शिकवायला शाळा निघत नाही. आणि शाळा नाही म्हणून ते काम करणाऱ्याला 'हे चोळू नकोस' असं सांगणाराही कोणी नाही. माझ्या भाच्याचा हात धरून ओढणारा माणूस दुष्ट नव्हता. त्याने पैसेसुद्धा घेतले नाहीत. त्याला कोणी शिकवलं नव्हतं इतकंच. मी त्याला भेटायला गेलो होतो. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "भाऊ, माह्या बापानं असंच शिकोलं." मी काय बोलणार!

हे काम उचलून त्याचा मानाचा व्यवसाय करता येतो, आणि लोकांनी तो केलेला आहे. पाटण्यात जन्मलेले शेख दीन महंमद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडात ब्रायटनला आपली चंपी नेली. चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन राजांचे ते चंपीवाले होते. शाम्पू हा शब्द या आपल्या चंपीतूनच गेला, डोक्याला लावायचा साबण ही नंतरची गोष्ट. पुढे त्याच इंग्लंडात मसाज हा शब्द इतका बदनाम झाला की १८९४ मध्ये तिथल्या वैद्यकीय नियतकालिकाने त्यातल्या गैरप्रकारांवर झोड उठवली. तेव्हा चार परिचारिका काय म्हणाल्या? आमची बदनामी झाली, आम्ही काम सोडतो, असं नाही म्हणाल्या. त्यांनी संस्था काढली, परीक्षा ठेवली, नियम केले. डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय मालिश करायची नाही, हा त्यातला एक. त्या मालिश करणाऱ्या बायांची संस्था म्हणजेच आजची ब्रिटनची फिजिओथेरपिस्टांची मोठी संघटना. आज जो पांढरा कोट घालून हिंडणारा व्यवसाय आपण बघतो त्याची आजी मालिशवाली होती, हे आपल्या फिजिओंनीही विसरू नये. जपानमध्ये १९४७ पासून मालिश करणाऱ्यांसाठी कायदा आहे. तीन वर्षं शिकायचं, राष्ट्रीय परीक्षा द्यायची, मग परवाना. अंध माणसांनी पिढ्यान् पिढ्या तिथे हे काम सन्मानाने केलेलं आहे.

आणि आपल्याकडे? पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत पोलिओने घातलेल्या धुमाकुळानंतर केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं. फिजिओथेरपिस्टांसाठी महाराष्ट्राने २००२ मध्ये परिषदेचा कायदा केला, केंद्राने २०२१ मध्ये आरोग्य व्यावसायिकांचा नवा कायदा केला. चांगलं झालं. पण वरून आलेला हा जिना आमच्या ओट्यापर्यंत पोचलाच नाही. वृद्धांसाठीचा राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रम २०१०-११ मध्ये आला, त्यात जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपी आणि तालुक्याच्या पातळीवर पुनर्वसन कर्मचारी अशी कागदावरची तरतूद आहे. काकूला दहा वर्षांत त्यातला एकही हात लागलेला नाही.

डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांचे केस अचानक गळायला लागले, आठवतंय? देशभर बातम्या झाल्या, आयसीएमआरचं पथक आलं, पाण्याचे आणि धान्याचे नमुने गेले. यायलाच हवं होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याच गावांत वाकलेल्या कमरा शंभर वर्षं आहेत. १८७० मध्ये इंग्रजांनी खास कापसासाठी जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आणला, तेव्हापासून हा जिल्हा वाकून कापूस वेचतोय आणि गाठी वाहतोय. कमरेसाठी पथक येत नाही, कारण कंबर एका रात्रीत गळून पडत नाही.

२०२४ मध्ये बुलढाण्याला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय मिळालं. माझी मागणी साधी आहे. तिथे शिकणाऱ्या मुलांना पहिल्या वर्षी आठवडाभर गावात पाठवा, चोळणाऱ्या बायांच्या ओट्यावर बसवा. आणि त्या बायांना, नस बसवणाऱ्या गड्यांना आठवडाभर महाविद्यालयात आणा, फोटो दाखवा, 'हे चोळलं तर असं होतं' म्हणून दाखवा. एकेकाळी आपण गावोगावच्या सुइणींना प्रशिक्षण दिलं, नाळ कशी कापायची ते शिकवलं, अडलेली बाई कधी पाठवायची ते शिकवलं. तेच इथे का नको? मोठीआईला कोणी प्रमाणपत्र दिलं असतं तर तिने ते देवघरात ठेवलं असतं.

शेगावची पालखी सातशेहून जास्त किलोमीटर चालून पंढरपूरला जाते. परतताना खामगावहून शेगावपर्यंतच्या सोळा-सतरा किलोमीटरवर लाखो माणसं तिच्यासोबत चालतात. त्या वाटेवर वारकऱ्यांचे पाय चेपणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. कॉलेजची पोरं, दुकानदार, डॉक्टरसुद्धा. त्या दिवशी पाय चेपणं हलकं नसतं. दुसऱ्या दिवशी परत होतं. मला यातलं पहिलं समजतं, दुसरं समजत नाही.

असो. फार लांबलं. सरकार काय करेल ते करेल, आपण काय करायचं ते लिहितो. हे डॉक्टरांना विचारून, पडताळून लिहिलंय. काकू, हे कागदावर उतरवून फ्रिजवर लावा.

पडल्यावर किंवा मार लागल्यावर लगेच सूज आली, आकार वाकडा दिसला, तर चोळायचं नाही. आधी फोटो. बोटं हलतात म्हणजे मोडलं नाही, हे साफ खोटं आहे, मोडलेल्या हाताचीही बोटं हलतात. घोटा मुरगळल्यावर चार पावलं टाकता येत नसतील तर चोळायचं नाही, आधी फोटो. (हा चार पावलांचा नियम कॅनडातल्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये अभ्यासून मांडला.) लहान मुलाचं कोपर कधीच चोळायचं नाही, कधीच ओढायचं नाही. एकच पाय सुजला, पोटरी दुखते, चोळायचं नाही. पाठ दुखते आणि ताप येतो, वजन उतरतं, रात्री झोपेतून उठवतं, चोळत बसायचं नाही, मणक्याचा क्षयसुद्धा असाच सुरू होतो. कंबर दुखता दुखता पाय लुळा वाटला, लघवीवरचा ताबा गेला, तर त्याच रात्री गाडी करायची. सलूनमध्ये कोणालाही मान कडाकडा मोडू द्यायची नाही. २०१७ मध्ये दिल्लीकडे एका माणसाच्या श्वासपटलाच्या नसा अशाच गेल्याची बातमी आली होती. कोवळ्या कातडीवर बिब्बा नको, जखमेवर गरम तेल नको.

आणि यातलं काही नसेल, नुसती वेचणीने कंबर धरली असेल, चालून पोटऱ्या भरल्या असतील, मान ताठली असेल, तर खुशाल चोळून घ्या. कोमट तेल घ्या, दुखेल इतकं रगडू नका, आणि दुसऱ्या दिवशी उठून थोडं चाला. ज्याने चोळून दिलं त्याला पैसे द्या. नुसतं पाया पडून जाऊ नका.

मामा, तुम्हाला जे लागलं असेल ते मला फोन करून बोला. आणि पुढच्या वेळी कोणाचं पोर पडलं तर कितीही रात्र झाली असली तरी फोन करा. माझ्या तोंडून 'चोळून बघा' येणार नाही. गाडीचे पैसे मी पाठवतो, तुम्ही निघा.